सीजीपीए ८.०० म्हणजे नक्की किती टक्के, आणि त्याचा अर्थ काय लावायचा?

तिरपागडा (धागाकर्ता)

भाचीचा बीएस्सीचा निकाल लागला. सीजीपीए (सगळ्या सत्रांच्या गुणांकांची सरासरी, दहापैकी) ८.००, श्रेणी ए. पेढे झाले, फोन झाले. मग तिनं नोकरीचा एक ऑनलाइन अर्ज उघडला आणि त्यात एकच रकाना निघाला: टक्केवारी. तिचे बाबा म्हणाले, दशांशचिन्ह सरकव, ऐंशी लिही. दादा म्हणाला, साडेनऊनं गुणायचं असतं, शहात्तर. शेजारचा इंजिनीअर म्हणाला, आधी पाऊण वजा कर, मग दहानं गुण, साडेबहात्तर. मी सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका काढून बेरीज-भागाकार केला तर चौसष्टच्या आगेमागे आले. मुलगी एक आणि टक्केवाऱ्या चार.

मग जरा खणलं. साडेनऊचा आकडा सीबीएसईच्या दहावीच्या, आता बंद झालेल्या श्रेणीपद्धतीचा. तिथे ९१ ते १०० या गटातल्या मुलांचे मागच्या काही वर्षांचे सरासरी गुण काढले, ते ९५च्या आसपास आले, त्याला दहानं भागलं. त्याचा आपल्या विद्यापीठांशी काडीचा संबंध नाही, तरी सगळीकडे तोच फिरतोय. पाऊण वजा करायचं सूत्र एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षण परिषदेच्या, तक्त्यातून येतं: ६.२५ म्हणजे ५५ टक्के, ६.७५ म्हणजे ६०, ८.२५ म्हणजे ७५. ते तंत्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांसाठी.

आता मुंबई विद्यापीठाची, भाचीच्या बॅचला लागू असलेली दहा गुणांकांची पट्टी बघा. ८० आणि वर ओ, गुणांक १०. ७० ते ७९.९९ ए प्लस, ९. ६० ते ६९.९९ ए, ८. ५५ ते ५९.९९ बी प्लस, ७. ५० ते ५४.९९ बी, ६. मग ४५ला सी, ४०ला डी, खाली एफ. पायऱ्या सारख्या नाहीत हे लक्षात आलं का? वर दहा-दहाची पायरी, मध्ये पाच-पाचची, आणि सगळ्यात वर वीसची सपाट गच्ची. ८० पडलेला आणि ९९ पडलेला दोघंही त्याच गच्चीवर.

यातून गमती होतात. पाच विषय, सारखे क्रेडिट (म्हणजे विषयाचं वजन) धरू. एकाला पाचही विषयांत ७९. टक्केवारी ७९, गुणांक ९.००. दुसरीला तीन विषयांत शंभरपैकी शंभर आणि दोनमध्ये ५४. टक्केवारी ८१.६, गुणांक मात्र ८.४०. टक्क्यांत ती पुढे, सीजीपीएत तो पुढे. आणि ज्याला सगळीकडे ६० आहेत त्याचे ८.००, ज्याला सगळीकडे ६९ आहेत त्याचेही ८.००.

क्रेडिटचा हिशोब वेगळाच. चार क्रेडिटच्या गणितात बी आणि दोन क्रेडिटच्या एखाद्या कौशल्य-विषयात ओ मिळाला तर (४×६ + २×१०) भागिले ६, म्हणजे ७.३३. गणित कच्चं राहिलं ते या आकड्यात कुठे शोधायचं?

माझा प्रश्न अर्ज भरण्यापुरता नाही. हे अक्षर नक्की काय मोजतं? इथे शिकवणारे, तपासणारे, नोकरीवर घेणारे, परदेशात शिकलेले असे बरेच जण आहेत, म्हणून धागा काढला.


जुना_बीकॉम

आमच्या वेळी हे ओ नि बी प्लस काही नव्हतं. पास, सेकंड, फर्स्ट, डिस्टिंक्शन. चाळीत एखाद्याला फर्स्ट क्लास मिळाला तर चार बिऱ्हाडं बघायला यायची. आता प्रत्येकाला ए आणि कुणालाच काही येत नाही.


कोयनाकाठ

काका, तुमच्या वेळीही ५९ला सेकंड आणि ६०ला फर्स्टच होतं ना? दरी तीच आहे. फक्त पूर्वी तीन-चार दऱ्या होत्या, आता सात झाल्यात.


गठ्ठेवाली

पेपर तपासणाऱ्यांपैकी एक म्हणून लिहिते. मुंबई परिसरातल्या एका कॉलेजात विज्ञान शिकवते, नाव-गाव नको.

तिरपागडा, तुम्ही गुणांपासून श्रेणीपर्यंतचा रस्ता सांगितलात. उत्तरापासून गुणांपर्यंतचा रस्ता त्याहून निसरडा आहे.

पहिली गोष्ट, बाहेरच्यांना सहसा माहीत नसलेली. कला-विज्ञान-वाणिज्यच्या पहिल्या चार सत्रांच्या परीक्षा विद्यापीठाच्या वतीनं कॉलेजच घेत आलंय. पेपर कॉलेजच्या शिक्षकांनी काढायचा, त्यांनीच तपासायचा. पाचवं-सहावं सत्र विद्यापीठाचं. म्हणजे एकाच सीजीपीएत दोन वेगवेगळ्या भट्ट्यांचा माल असतो. काही कॉलेजांत एसवायपर्यंत नऊच्या खाली कुणी दिसत नाही आणि टीवायला सगळे सातवर येतात. काहींत उलटं. गुणपत्रिका सत्रवार बघितली तर हे दिसतं, एकत्रित आकड्यात पुसलं जातं.

दुसरी गोष्ट इंटर्नल. १०० गुणांत ७५ लेखी, २५ अंतर्गत असा आमचा बरीच वर्षं ढाचा होता, आणि दोन्हींत स्वतंत्र ४० टक्के हवेत. अंतर्गत २५पैकी २२ देणं ही अगदी रोजची गोष्ट. त्याच मुलानं लेखीत जेमतेम ३० मिळवले, म्हणजे काठावर पास. बेरीज ५२. श्रेणी बी. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१५च्या मार्गदर्शक तत्त्वांत बीच्या पुढे जे वर्णन आहे त्याचा अर्थ 'सरासरीहून वर'. लेखी परीक्षेत काठावर सुटलेला मुलगा कागदावर सरासरीहून वर! यात कुणी लबाडी केलेली नाही, नुसत्या बेरजेनं हे होतं.

इंटर्नलला २२ का देतो? कारण पलीकडचं कॉलेज देतं. मी प्रामाणिकपणे १४ दिले तर माझ्या मुलांनी एमएस्सीच्या गुणवत्ता यादीत मागे पडायचं, आणि पालकांनी माझ्या दारात यायचं.

तिसरी, काठावरचे पेपर. ७५पैकी २७-२८वर आलेली उत्तरपत्रिका शक्यतो कुणी तशी सोडत नाही. परत पहिल्या पानापासून बघतो, इथे आकृतीला अर्धा, तिथे पायरीला एक. यात दया असते, आणि थोडा स्वार्थही: तोच पेपर पुनर्मूल्यांकनात परत यायला नको. ४३वर आलेल्या पेपरला ही दुसरी नजर मिळत नाही. त्यामुळे ३० या आकड्याचा अर्थ ४३ या आकड्यासारखा नाही. ४३ मोजलेला असतो, ३० बऱ्याचदा ठरवलेला असतो.


आकडेशास्त्री

+१ गठ्ठेवाली. शेवटच्या मुद्द्याची नक्षी आलेखात सुंदर दिसते. कुठल्याही मोठ्या परीक्षेचे गुण मांडा, उत्तीर्णतेच्या रेषेच्या लगेच खाली खड्डा आणि रेषेवर उंच सुळका.

पण समजा दया-बिया काही नाही, तपासनीस एकदम कडक आणि प्रामाणिक. तरी? १९१२-१३ साली विस्कॉन्सिनच्या डॅनिएल स्टार्च आणि एडवर्ड इलियट यांनी एकाच विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेच्या प्रती शंभराहून जास्त शिक्षकांना पाठवल्या. आधी इंग्रजीचे पेपर पाठवले, गुणांत प्रचंड फरक आला. लोक म्हणाले, भाषेत असं होणारच. मग भूमितीचा पाठवला. शंभरपैकी २८ पासून नव्वदच्या वरपर्यंत गुण आले. भूमितीत! कुणी सुबकपणाचे गुण कापले होते, कुणी पायऱ्यांचे दिले होते, कुणी फक्त उत्तर बघितलं होतं.

आपल्याकडे आदर्श उत्तरपत्रिका असते, मॉडरेशन (तपासलेल्या पेपरांची फेरपाहणी) असतं, त्यामुळे इतका फरक पडत नाही. पण चार-पाच गुण इकडचे तिकडे होणं सहज आहे. आता ही चार-पाचची थरथर तिरपागडांच्या पट्टीवर ठेवा. मध्ये पायरीच पाचची आहे. एकानं ५७ दिले, दुसऱ्यानं ६२. दोघंही प्रामाणिक, पेपर एकच, पण गुणांक एकदा ७, एकदा ८.

श्रेणी आणताना युक्तिवाद असा होता की ६१ आणि ६२मध्ये काही फरक नसतो, मग एका गुणावरून मुलांना वरखाली का लावायचं? बरोबर आहे. पण मग दोन दशांशांपर्यंत सीजीपीए काढून त्यावर परत मुलांना वरखाली लावलं! गुणांमधली बारीक माहिती आधी फेकून दिली आणि नंतर बारकाईचा आव परत आणला. माझ्या मते या पद्धतीतली सर्वांत मोठी विसंगती ही.


पवईचा_पाऊस

म्हणून तर आयआयटीची पद्धत चांगली. तिथे ८० म्हणजे ओ असं काही ठरलेलं नसतं. मुंबई आयआयटीत एए, एबी, बीबी, बीसी, सीसी, सीडी, डीडी अशी उतरंड, एएला १० आणि डीडीला ४. खाली एफएफ आणि एफआर, म्हणजे नापास, आणि त्यातल्या एफआरला कोर्सच परत करायचा. एखाद्यानं फारच कमाल केली तर एपी मिळतो, गुणांक मात्र १०च. शिक्षक सगळ्या वर्गाचे गुण मांडून बघतात, कुठे नैसर्गिक फट आहे तिथे रेघ ओढतात. आमच्या एका कोर्सला शंभरपैकी ४६ला एए होता, कारण पेपरच तसा होता. दुसऱ्या एकात ७२ला बीसी. पेपर सोपा-अवघड निघाला तर त्याचा भुर्दंड विद्यार्थ्याला नाही.


गठ्ठेवाली

पवईचा_पाऊस, पद्धत छान आहे, पण ती चालायला एक अट लागते: शिकवणारा, पेपर काढणारा आणि तपासणारा एकच असावा, आणि मुलं सगळी त्याच्या डोळ्यासमोर. आमच्याकडे ती अट १८५७ पासून नाही. मुंबई, कलकत्ता, मद्रास ही तिन्ही विद्यापीठं लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढली. विद्यापीठानं परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची, शिकवायचं काम संलग्न कॉलेजांनी करायचं. नंतर विद्यापीठांत स्वतःचे विभाग आले, पण तो सांगाडा आजही तसाच आहे. विद्यापीठाच्या परीक्षांत शिक्षक ज्याला शिकवतो त्याचा पेपर तो बघत नाही, ज्याचा बघतो त्याला कधी पाहिलेलं नसतं. शेकडो कॉलेजांतून आलेल्या मुलांना 'वर्ग' कसं म्हणणार? म्हणून संलग्न विद्यापीठांनी सरळ ठरावीक गुणांच्या पट्ट्या घेतल्या. यूजीसीनं दोन्ही पर्याय खुले ठेवले होते, सोपा तो सगळ्यांनी उचलला.

परिणाम असा की आमचं अक्षर म्हणजे गुणच, फक्त टोपी घातलेले.


नाकासमोर

आयआयटीत मी नव्हतो, पण एका स्वायत्त संस्थेत सापेक्ष श्रेणी भोगल्या आहेत. निवडक विषयाला आम्ही मोजून बाराजण होतो. बाराजणांत कसला आलाय घंटेसारखा आलेख? सरांनी दोघांना सर्वोच्च श्रेणी दिली, तिघांना खालची, उरलेल्यांना मधली. खालच्या तिघांतल्या एकाला शंभरपैकी ६८ होते. शिवाय नोट्स कुणी कुणाला द्यायचं नाही, कारण शेजारी वर गेला की आपण खाली.


म्यूनिकवाली

परदेशाचा उल्लेख धाग्यात आहे म्हणून जर्मनीचं सांगते. इथे उलटी पट्टी: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास. आपली श्रेणी इकडच्यात बदलायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वाधिक शक्य गुणांतून आपले गुण वजा करा, त्याला सर्वाधिक आणि किमान उत्तीर्ण गुणांच्या फरकानं भागा, तीननं गुणा, एक मिळवा.

तिरपागडांच्या भाचीचे ८.०० घेऊ. सर्वाधिक १०, किमान ४ धरले तर १ + ३×२/६ = २.०. छान. पण एखाद्या विद्यापीठात उत्तीर्ण व्हायला गुणांक ५ लागत असेल तर तेच ८.०० होतात १ + ३×२/५ = २.२. आणि कुणी सीजीपीए न धरता टक्के धरले, ६४ टक्के, पास ४०ला, तर १ + ३×३६/६० = २.८. पुष्कळ अभ्यासक्रमांची अट २.५ची असते. म्हणजे २.०नं आत, २.८नं बाहेर. मुलगी तीच!

भारतातून अर्ज करणाऱ्यांना एवढंच सांगेन: गुणपत्रिकेच्या मागची श्रेणीपट्टी स्कॅन करून जोडाच. किमान उत्तीर्ण गुण कुठे छापलेले नसतील तर विद्यापीठाकडून लेखी घ्या. समोरच्यानं अंदाजानं ५ धरला तर दोन दशांश गेले.


यॉर्कशायरकर

विलायतेची गंमत वेगळी. इथे ७०ला फर्स्ट. ६० ते ६९ टू-वन, ५० ते ५९ टू-टू, ४० ते ४९ थर्ड. निबंधाला ७२ मिळाले तर मुलं उड्या मारतात, आणि आपले आईबाप व्हिडिओ कॉलवर विचारतात, 'उरलेले २८ कुठे गेले?' ८५ वगैरे मानव्यविद्यांत जवळजवळ कुणी देतच नाही. शंभराची पट्टी आहे, पण वरची पाव पट्टी नुसती शोभेला.

मात्र इथेही सूज आलीच. इंग्लंडमध्ये २०१०-११ला साधारण १६ टक्के मुलांना फर्स्ट मिळत होता, २०२०-२१ला जवळपास ३८ टक्क्यांना. त्यात दोन वर्षं कोविडची होती हे खरं, पण चढ त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. फी वाढली की श्रेणी वाढतात असं इथले प्राध्यापक दबक्या आवाजात म्हणतात.

अमेरिकेत प्रिन्स्टननं २००४ साली ठरवलं होतं की ए-गटाच्या श्रेणी साधारण ३५ टक्क्यांवर रोखायच्या. दहा वर्षांनी, २०१४ला, ते गुंडाळलं. बाकीची विद्यापीठं मोकळ्या हातानं वाटत असताना एकट्यानं मूठ आवळून नुकसान आपल्याच मुलांचं. गठ्ठेवालींच्या इंटर्नलची गोष्ट तीच आहे, फक्त डॉलरमध्ये.


भरतीवाला

मी कंपनीच्या बाजूनं. निष्ठुर वाटेल, पण आम्हाला सीजीपीए कळत नाही आणि कळून घ्यायला वेळही नसतो. जागा चाळीस, अर्ज काही हजार. 'दहावी, बारावी, पदवी सगळीकडे ६० टक्के' ही चाळण लावली की ढीग आवाक्यात येतो. चाळणीचा उपयोग तेवढाच. मुलाखतीला बसलेल्या मुलाचा सीजीपीए मी बघतही नाही, एका विषयातलं काय येतं ते विचारतो.

ज्याला ५९.२ आहेत तो ६०वाल्याहून कमी आहे असं आम्हालाही वाटत नाही, पण रेघ कुठेतरी मारावी लागते.

भाचीसाठी: विद्यापीठाचं रूपांतर-सूत्र गुणपत्रिकेवर किंवा परिपत्रकात असेल तर तेच वापरा आणि परिपत्रक हाताशी ठेवा. सूत्रच नसेल आणि गुणपत्रिकेवर प्रत्यक्ष गुण छापलेले असतील तर सरळ गुणांची टक्केवारी लिहा. साडेनऊनं गुणून लिहिलेले टक्के कागदपत्रं तपासताना जुळले नाहीत तर हातात आलेली नोकरी जाते. असं झालेलं पाहिलंय.


नेटसेटग्रस्त

चाळणीवरून आठवलं. प्राध्यापक व्हायचं तर पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के हवेत, आरक्षित गटांना ५०. नेट या पात्रता परीक्षेच्या माहितीपत्रकात स्पष्ट लिहिलेलं असतं की पूर्णांकात बदलायचं नाही. ५४.९ म्हणजे ५४.९. मुंबईच्या पट्टीत ५५लाच पायरी का आहे याचं उत्तर बहुधा इथेच आहे. शिकण्याशी त्या रेघेचा संबंध नाही, ती भरतीच्या नियमाशी जुळवून मारलेली वाटते.


वकिलीण_बाई

कायद्याचा कोपरा राहिलाय, तो भरते.

पुनर्मूल्यांकन हा हक्क आहे असं अनेकांना वाटतं. तो नियमात असेल तरच आहे. याबाबतचा सर्वोच्च न्यायालयाचा १९८४चा गाजलेला निवाडा आपल्याच राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रकरणातला. मंडळाचे नियम फक्त गुणांची फेरमोजणी देत होते, उत्तरपत्रिका दाखवणं नाही, फेरतपासणी नाही. मुंबई उच्च न्यायालयानं ते नियम रद्द केले, सर्वोच्च न्यायालयानं परत उभे केले. म्हणणं असं की शिक्षणातल्या जाणकारांनी केलेल्या नियमांच्या जागी न्यायालयानं आपलं मत बसवू नये, आणि परीक्षा कधीतरी संपायलाही हवी.

पुढे २०११ला सीबीएसईच्या प्रकरणात त्याच न्यायालयानं सांगितलं की तपासलेली उत्तरपत्रिका ही माहिती अधिकार कायद्याखालची 'माहिती' आहे, विद्यार्थी ती बघू शकतो, प्रत घेऊ शकतो. तपासनिसाचं नाव मात्र मिळणार नाही. म्हणजे पेपर बघण्याचा हक्क आहे, तो पुन्हा तपासून घेण्याचा आपोआप नाही. विद्यापीठांच्या नियमांत आता बहुतेक ठिकाणी दोन्ही सोयी असतात, शुल्क आणि मुदत वेगवेगळी.

निकालाची वेळही कायद्यात आहे. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ प्रमाणे परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाल लावायचा. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१७ला, मुंबई विद्यापीठानं एका झटक्यात सगळी तपासणी संगणकाच्या पडद्यावर नेली. १७ लाखांहून अधिक उत्तरपत्रिका. कुलपतींनी ३१ जुलैची तारीख दिली, तीही टळली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर केलं गेलं. त्या वर्षीचा निकाल हातात असलेल्या मुलांना विचारा सीजीपीएचा अर्थ.


कोयनाकाठ

आणि २०२०ची बॅच? राज्य सरकार अंतिम वर्षाची परीक्षाच नको म्हणत होतं, सर्वोच्च न्यायालयानं २८ ऑगस्टला सांगितलं की परीक्षेशिवाय पदवी नाही. मग घरी बसून मोबाइलवर बहुपर्यायी प्रश्न. आमच्या घरातल्या एकाची त्या सत्राची उडी पाहून त्याची आईच म्हणाली, हे कुणाला दाखवू नकोस. पण त्या पोरांवर 'कोविड बॅच' शिक्का बसला तोही अन्यायच. त्यांनी थोडीच मागितली होती तशी परीक्षा?


जुना_बीकॉम

मग ग्रेस मार्कांचं काय? ते अजून आहेत की नाही?


गठ्ठेवाली

आहेत. मुंबईच्या गुणपत्रिकेवर गुणांच्या शेजारी बारीक चिन्हं असतात, तळाला त्यांचा खुलासा असतो, तो कुणी वाचत नाही. ५०४२-ए हा अध्यादेश उत्तीर्ण होण्यासाठीच्या वाढीव गुणांचा, ५०४५-ए एकाच विषयात अडकलेल्याला सोडवण्याचा, २२९-ए हा एनएसएस, एनसीसी, खेळ यांच्या दहा गुणांचा. वरच्या श्रेणीला एक-दोन गुण कमी पडत असतील तर त्यासाठीही वेगळा अध्यादेश आहे. मला यात गैर काही वाटत नाही. तपासणीतच चार-पाच गुणांची थरथर असते असं आकडेशास्त्री म्हणाले ना, मग एका गुणासाठी मुलाचं वर्ष कशाला घालवायचं? चिन्ह छापलेलं असतं, म्हणजे लपवाछपवी नाही. सीजीपीएत मात्र ते चिन्ह दिसत नाही हे खरं.


तिरपागडा (धागाकर्ता)

बरंच कळलं. आता माझं मत. ८.०० हा एकटा आकडा मी यापुढे वाचणार नाही. शेजारी तीन गोष्टी हव्यात: पट्टी कोणती, परीक्षा कोणी घेतली, आणि साल कोणतं. यूजीसीच्या रचनेत प्रत्येक सत्राचं वेगळं पत्रक मिळतं, त्यावर प्रत्येक विषय, क्रेडिट, श्रेणी असतं. खरी माहिती त्या पत्रकांत असते आणि सगळं जग मागतं शेवटचा एक आकडा. त्यात वर्गाची सरासरीही छापली तर? इतकी साधी गोष्ट, 'भौतिकी: ६४, या परीक्षेची सरासरी ४९'. वाचणाऱ्याला लगेच कळेल.


आकडेशास्त्री

सरासरी छापायला माझा कडकडून पाठिंबा. खर्च शून्य, आकडे संगणकात पडलेलेच असतात. सगळ्या कॉलेजांना ते आवडणार नाही, कारण चौथ्या आणि पाचव्या सत्राच्या सरासऱ्या शेजारी-शेजारी दिसतील.


एसवाय_भौतिकी

वाचनमात्र होतो, पण आता विचारतोच. चौथ्या सत्रात एका पेपरला ५९ आलेत. एका गुणानं बी प्लसवर अडकलो. रीव्हॅल टाकू का? घरचे म्हणतात टाक, मित्र म्हणतात गुण कमीही होतात.


गठ्ठेवाली

आधी हिशोब कर. पेपर चार क्रेडिटचा असेल आणि सत्र २२ क्रेडिटचं, तर ७चे ८ झाल्यानं सत्राच्या गुणांकात ४/२२, म्हणजे ०.१८ची भर. तीन वर्षांच्या १३२ क्रेडिटांत तीच भर ०.०३. एमएस्सीच्या यादीत ०.०३नं फरक पडेल अशा जागी आहेस का, ते तुझं तुला माहीत.

टाकायचंच ठरवलंस तर थेट पुनर्मूल्यांकन नको, पहिल्यांदा छायाप्रत माग. हातात आली की तीन गोष्टी बघ. पहिल्या पानावरची बेरीज आतल्या गुणांशी जुळते का. एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, विशेषतः पुरवणीतलं किंवा प्रश्न क्रमांक चुकीचा घातलेलं. आणि एखाद्या उपप्रश्नाला शून्य आहे का, जिथे तू दोन ओळी तरी लिहिल्यास. यातलं काही सापडलं तर पुढे जा. नुसतं 'मला जास्त मिळायला हवे होते' एवढंच असेल तर पैसे वाचव. आणि हो, तुमच्या कॉलेजच्या नियमात बदललेले गुण कमी झाले तरी तेच कायम धरतात का, हे परीक्षा विभागात विचार. प्रत्येक ठिकाणी नियम वेगळा.


एसवाय_भौतिकी

धन्यवाद मॅडम. छायाप्रतीची मुदत परवापर्यंत आहे, उद्या फॉर्म टाकतो. पुरवणी लावली होती मी, आणि तिच्यावर बैठक क्रमांक घातला होता का ते आता आठवत नाहीये.


गठ्ठेवाली

मग उद्याच टाक. काउंटर दुपारी बंद होतो.